नुक्कड ते बिग बॉस : टीव्हीवरचा सामान्य माणूस

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'टीव्हीचा घसरता दर्जा'. या विषयावर बोलणं तसं सोपं. आमच्या वेळी काय मालिका होत्या, असं वीस मिनिटं म्हणायचं, ज्येष्ठांनी माना डोलवायच्या आणि तरुणांनी मोबाइल काढायचा. पण 'आमच्या वेळी' म्हणण्याइतकं माझं वय नाही. मी नव्वदच्या दशकात केबलवर वाढलेली मुलगी आहे. दूरदर्शनच्या गाजलेल्या मालिका मी पुढे यूट्यूबवर पाहिल्या. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. तेव्हा जे बोलायचं ते त्या अंगानं बोलेन.

आधी एक विचारते. इथे बिग बॉस कोण कोण बघतं? हात वर करा. चार? बरं. बाकीच्यांच्या घरचा टीव्ही बिघडलाय असं समजू.

हात वर करायला लाज वाटते, हे मला महत्त्वाचं वाटतं. रिॲलिटी शो बघणारा माणूस म्हणजे अडाणी, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. आपल्यासारखा माणूस पडद्यावर दिसावा ही भूक जुनी आहे आणि रास्त आहे. ती आता कोण भागवतंय आणि बदल्यात काय घेतंय, हा माझा प्रश्न आहे.

१९८६ साली दूरदर्शनवर 'नुक्कड' नावाची मालिका आली. कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांनी केलेली. एक नाका. तिथे सायकल दुरुस्त करणारा हरी, इलेक्ट्रिशियन गुरू, दारूत बुडालेला खोपडी, गणपत हवालदार, एक भिकारी, आणि कादरभाईचं हॉटेल. कादरभाई मुसलमान आहे, पण तो मुसलमान असण्यावर मालिका चालत नाही. उधारी थकलेल्या गिऱ्हाइकांना चहा द्यायचा की नाही, ही त्याची अडचण. या माणसांकडे पैसा नाही, पण लेखकानं त्यांच्याकडे वेळ देऊन पाहिलेलं आहे. खोपडीवर आपण हसतो, पण त्याची कीव करत नाही. हे लिहायला अवघड असतं.

म्हणून दूरदर्शनचा काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. बातम्या सरकारी होत्या. पुष्कळ कार्यक्रम झोप आणणारे होते. बाजारही होताच. १९८४च्या 'हम लोग'ला मॅगी नूडल्सचं प्रायोजकत्व होतं. फरक कुठे होता ते सांगते. १९८८ साली गोविंद निहलानींची 'तमस' दाखवली गेली. भीष्म साहनींची कादंबरी, फाळणीच्या दंग्यांवरची. तणाव वाढेल म्हणून ती थांबवा, अशी मागणी कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि दाखवायला परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. दंगा घडवणारे कोण असतात हे लोकांना कळणं चांगलंच, असा एकूण सूर होता. टीव्हीवरून वाद तेव्हाही व्हायचे, पण त्या वादांना काही वजन होतं.

आता एक तारीख लक्षात ठेवा. ३ जुलै २०००. स्टार प्लसवर त्या एका रात्री दोन कार्यक्रम सुरू झाले. एक 'कौन बनेगा करोडपती', दुसरा 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. दुसऱ्या कार्यक्रमानं पुढच्या दहा वर्षांतल्या मालिका कशा असतील ते ठरवून टाकलं. भलामोठा वाडा, झोपतानाही अंगावर दागिने, आणि घरातल्या कुणालाही कामावर जाताना आपण बघत नाही. सायकलवाला हरी गेला, कादरभाईचं हॉटेल बंद झालं. भाड्याच्या खोलीत राहणारं, पाण्यासाठी नळावर उभं राहणारं कुटुंब हिंदी मालिकांतून जवळपास हद्दपार झालं.

पहिल्या कार्यक्रमानं मात्र त्याच सामान्य माणसाला खुर्ची दिली. ब्रिटनमधून विकत आणलेला फॉरमॅट, पण समोर बसलेला माणूस इथला. अमिताभ बच्चन त्याला 'आप' म्हणतात, पाणी विचारतात, त्याच्या आईची चौकशी करतात. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे तिथे एक कोटी जिंकल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणारी बाई, महिन्याला दीड हजार रुपये मिळवणारी. त्या रात्री माझी अम्मी टीव्हीसमोरून उठली नाही. कुठल्या मालिकेत खिचडी शिजवणारी बाई नायिका झाली होती, सांगा मला. मालिकांनी रिकामी केलेली जागा रिॲलिटी शोनं घेतली. लोक तिकडे गेले त्यात त्यांचा काय दोष?

गाण्याच्या कार्यक्रमांचंही तसंच. २००८-०९ मध्ये झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' झालं, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होते. मेसमधल्या एका टीव्हीसमोर पन्नास-साठ मुली बसायच्या. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन. अभंग, नाट्यगीत, लावणी, जी गाणी आम्ही आपण होऊन कधी लावली नसती ती आम्ही ताटं बाजूला ठेवून ऐकली. ते मला आजही चांगलंच वाटतं.

पण या कार्यक्रमांबरोबर आणखी एक गोष्ट घरात आली, ती म्हणजे मत. एसएमएस करा आणि जिंकवा. आपण नागरिक म्हणून काम करणारी माणसं आहोत, तेव्हा या मताकडे जरा नीट बघू. निवडणुकीत एका माणसाला एक मत. इथे जितके पैसे तितकी मतं, आणि हा एसएमएस नेहमीच्यापेक्षा महाग. त्या पैशात वाहिनीचा आणि मोबाइल कंपनीचा वाटा. मतं कुणी मोजली, कशी मोजली, हे विचारायची सोय नाही. तरी लोकांनी ते मत खरं मानलं. २००५च्या 'फेम गुरुकुल'मध्ये मुर्शिदाबादचा एक मुलगा मध्येच बाद झाला होता. त्याचं नाव अरिजित सिंग. जनतेचा कौल म्हणतात तो हा.

२००७च्या 'इंडियन आयडॉल'ची गोष्ट तर अभ्यासक्रमात लावावी अशी आहे. अंतिम फेरीत दोघं. शिलाँगचा अमित पॉल आणि दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, जो कोलकाता पोलिसात शिपाई होता. शिलाँगमध्ये खासी आणि बाहेरचे असा जुना तणाव. अमितसाठी ते सगळे एकत्र आले. मेघालय सरकारनं त्याला शांततेचा दूत केलं. तिकडे दार्जिलिंगच्या डोंगरात लोकांनी वर्गण्या काढून प्रशांतला मतं दिली. तो जिंकला. मग दिल्लीतल्या एका रेडिओ निवेदकानं नेपाळीभाषकांना चौकीदार ठरवणारी टवाळी केली, आणि सिलिगुडीत दंगा उसळला. लष्कर बोलवावं लागलं. त्याच लाटेवर ऑक्टोबरमध्ये बिमल गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. प्रशांतसाठी मतं गोळा करणारी माणसं आता वेगळं राज्य मागत होती.

मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्यांना देशात कुणी मोजत नव्हतं, त्यांना कुठेतरी आपली मोजदाद झाल्यासारखं वाटलं. आपल्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. फक्त ती मोजदाद करणारा निवडणूक आयोग नव्हता, वाहिनी होती. पर्व संपल्यावर ती पुढच्या पर्वाच्या ऑडिशनला लागली.

आता बिग बॉस. हा फॉरमॅट मूळ नेदरलँड्सचा, १९९९चा 'बिग ब्रदर'. आम्ही सॉफ्टवेअरचा परवाना घेतो तसा देशोदेशीच्या वाहिन्या त्याचा परवाना घेतात. हिंदीत तो २००६ला आला, मराठीत २०१८ला. त्याबद्दल एकाच बाईची गोष्ट सांगते, कारण तिच्यात सगळं येतं.

जेड गुडी. लंडनच्या एका गरीब वस्तीतली, दंतवैद्याकडे मदतनीस म्हणून काम केलेली, हलाखीत वाढलेली मुलगी. २००२ला ब्रिटनच्या 'बिग ब्रदर'मध्ये आली तेव्हा वीस वर्षांची. सामान्य ज्ञान बेताचं, तोंड फटकळ. तिच्या चुका, तिचं दिसणं, यांवर तिथल्या वृत्तपत्रांनी हीन भाषेत लिहिलं. ती जिंकली नाही, पण सगळ्यांत जास्त प्रसिद्ध झाली. अडाणीपणा हेच तिचं भांडवल ठरलं. २००७ला तिला 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये बोलावलं. तिथे शिल्पा शेट्टी होती. जेड आणि आणखी दोघींनी शिल्पाला वंशद्वेषी भाषेत छळलं. ब्रिटनच्या प्रसारण नियामकाकडे चव्वेचाळीस हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. जेड देशात सगळ्यांच्या रोषाचा विषय झाली, शिल्पा जिंकली. जेडचं वागणं वाईटच होतं, त्यात शंका नाही. पण त्या दोघींना एका घरात कुणी कोंडलं आणि आता भांडण होणार हे कुणाला आधी कळलं होतं, याबद्दल रोष कमीच होता.

पुढच्या वर्षी आपल्याकडच्या 'बिग बॉस'चं दुसरं पर्व. सूत्रसंचालक शिल्पा शेट्टी, आणि स्पर्धकांत जेड गुडी. आता माफीचं नाट्य विकायचं होतं. ऑगस्ट २००८. लोणावळ्यातल्या त्या घरात, कॅमेऱ्यांच्या गराड्यात असताना जेडला फोनवर कळलं की तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. ती मायदेशी परतली. फेब्रुवारीत तिनं लग्न केलं, त्याचे हक्क विकले. शेवटच्या महिन्यांचंही चित्रीकरण होऊ दिलं. दोन लहान मुलं होती, त्यांच्या शिक्षणासाठी पैसे ठेवायचे आहेत, असं ती उघड सांगत होती. २२ मार्च २००९ला ती गेली. सत्तावीस वर्षांची होती.

तिच्या शेवटच्या सौद्यावर पुष्कळांनी नाकं मुरडली. मला वाटतं, त्या सात वर्षांत तिच्यावर सगळ्यांनी कमावलं होतं. शेवटी तिनं किंमत स्वतः ठरवली, एवढंच.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. बिग बॉसच्या घरात समजा बारा माणसं आहेत. चोवीस तास कॅमेरे चालू. आम्ही ज्याला मॅन-अवर म्हणतो त्या हिशेबानं दिवसाचे २८८ तास झाले. तुम्हाला जाहिराती सोडून दिसतात साधारण पाऊण तास. म्हणजे जगलेल्या ३८४ मिनिटांतलं एक मिनिट. बाकीची ३८३ कुणीतरी कापून टाकतो. त्या बाराजणांत कुणीतरी दुसऱ्याला चहा करून दिला असेल, कुणी रात्री घरच्या आठवणीनं गप्प बसलं असेल, कुणी नमाज पढली असेल, कुणी पुस्तकाबद्दल बोललं असेल. ते सगळं ३८३मध्ये. आणि वर पाटी काय, तर 'रिॲलिटी'. या शोला लेखक नसतो असं म्हणतात. असतो की, तो संकलनाच्या टेबलावर बसलेला असतो. 'नुक्कड'च्या लेखकाचं नाव निदान पडद्यावर यायचं.

मग तो कापणारा काय ठेवतो? जे मीटर सांगतं ते. आपल्या देशात टीव्ही बघणं मोजण्यासाठी बार्क नावाची संस्था आहे. २०२० साली देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २१ कोटी आणि मीटर लावलेली सुमारे ४४ हजार. एक मीटर पावणेपाच हजार घरांच्या वतीनं बोलत होतं. नमुना घेण्यात गैर काही नाही, शास्त्र आहे ते. पण मीटर फक्त एवढंच सांगतं की अमुक चॅनल इतकी मिनिटं चालू होतं आणि समोर घरातलं कोण होतं. का, ते सांगत नाही. भांडण बघायला खिळलेली खाला आणि रिमोट सापडत नाही म्हणून बसलेले मामू, मीटरला दोघं सारखेच. आम्हीही मोबाइल ॲप बनवताना हेच मोजतो, माणूस किती वेळ थांबला. थांबण्याला आम्ही आवड म्हणतो. अपघात झाला की रस्त्यावर गर्दी थांबतेच. तिला अपघात आवडतो असं कुणी म्हणेल का?

याच मापानं बातम्या चालायला लागल्या तेव्हा गोष्ट आपल्या दारात आली. रात्री नऊची चर्चा आठवा. चौकटीत सहा माणसं, प्रत्येकाला नेमून दिलेलं पात्र, मध्ये बिग बॉससारखा आवाज, आणि शेवटी कुणाला तरी बाहेरचा रस्ता. त्यात एक चौकट आपली असते. तिच्यात शाळा चालवणारी मुसलमान बाई चालत नाही, नगरपालिकेत पाणीपट्टीसाठी खेटे घालणारा माणूस चालत नाही. आवाज चढवणारा एक मौलाना लागतो. तलाकच्या प्रश्नावर २०१७ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्या बायकांनी तो मिळवला होता. लोकांच्या लक्षात काय राहिलं? जुलै २०१८ला एका थेट चर्चेत मौलाना आणि महिला वकील यांच्यात स्टुडिओतच हाणामारी झाली, ती क्लिप. ती सगळीकडे फिरली. निकालाची पानं कुणी फिरवली?

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. पैसे देऊन काही घरांत ठरावीक चॅनल चालू ठेवली जातात, असा आरोप होता. पुढे तो खटला मागे घेण्यात आला. पण त्या वेळी वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणं थांबवण्यात आलं आणि ते मार्च २०२२पर्यंत थांबलं होतं. तेव्हा मला वाटलं, आता माप नाही तर आरडाओरडा कमी होईल. तसं काही झालं नाही. सवय लागली होती, त्यांनाही आणि आपल्यालाही.

आता शेवटचं, आणि तेवढ्यासाठीच मी खरं म्हणजे आले. आपल्यातल्या काही पालकांनी मला विचारलंय की मुलांना ऑडिशनला पाठवावं का. आमच्या मोहल्ल्यातली एक बारा वर्षांची मुलगी फार सुरेख गाते. तिचे वडील रिक्षा चालवतात. एका वाहिनीचा फॉर्म ते माझ्याकडे घेऊन आले. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. मी आणि माझी एक वकील मैत्रीण रविवारी बसून वाचला. त्यात असं आहे की मुलीचा आवाज, चित्र आणि कुटुंबाची माहिती निर्माते हवी तशी कापू-जोडू शकतात, हवी तिथे हवी तितकी वर्षं वापरू शकतात, आणि त्यातून बदनामी झाली तरी कुटुंब दावा करणार नाही. वडिलांना एवढंच सांगण्यात आलं होतं की शेवटच्या पानावर सही करा.

मी त्यांना जाऊ नका म्हटलं नाही. मी कोण? लिटिल चॅम्प्स बघत मीच बसले होते. पण कायदा काय म्हणतो ते त्यांना वाचून दाखवलं. बालकामगार कायद्याचे २०१७चे सुधारित नियम बालकलाकारांना लागू आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग तीन तासांनंतर विश्रांती. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. शाळा बुडू नये याची सोय करायची. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकायचा. आणि मुलाच्या मनाविरुद्ध काही करून घ्यायचं नाही. हे सगळं लिहिलेलं आहे. शिवाय जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना सूचना दिली की नृत्याच्या कार्यक्रमांत लहान मुलांना मोठ्यांसारखे अश्लील हावभाव करायला लावू नका. सरकारला असं लिहावं लागलं, यावरून काय चाललं होतं ते समजा.

आम्ही तिघांनी मिळून वाहिनीला मराठीत एक पत्र पाठवलंय. तीनच प्रश्न आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली का, त्याची प्रत द्या. आमच्या घराचं, रिक्षाचं, गरिबीचं चित्रीकरण आमच्या लेखी होकाराशिवाय दाखवणार नाही असं लिहून द्याल का. आणि मुलगी बाद झाली तर ती रडत असताना कॅमेरा बंद कराल का. हा तिसरा प्रश्न मुलीच्या अम्मीचा आहे, आमच्या दोघींना तो सुचला नव्हता.

पत्राला आठ दिवस झाले, उत्तर नाही. ऑडिशन येत्या शनिवारी आहे. मुलगी रोज रियाज करते आहे, वडील म्हणतात जाऊन तर बघू. मी सोबत जाणार आहे. आणखी कुणाकडे असा फॉर्म आला असेल तर सही करण्याआधी घेऊन या. रविवारी सकाळी आम्ही दोघी असतो.

आता तुमचे प्रश्न घेते.